चाचांना नोटीस
तबस्सुमला घटस्फोट हवा होता, पण नवरा मुश्ताक चार वर्षं बेपत्ता. हॅम्बर्गच्या कोर्टात मी दुभाष्या. "दोघं भारतीय, म्हणजे कायदाही भारतातला," जजबाई म्हणाल्या. त्यांनी इंग्रजांनी १९३९ साली केलेला मुस्लिम घटस्फोटाचा कायदा शोधून काढला. त्यात लिहिलं होतं, नवरा चार वर्षं बेपत्ता असेल तर घटस्फोट मिळतो, पण आधी त्याच्या चाचालाही बोलवा. नोटीस चिपळूणला गेली. "झालं! चाचा पुतण्याचीच बाजू घेणार," तबस्सुम रडकुंडीला आली. चाचा खरंच आले, सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. जजबाईंनी आधी खिडकी उघडली, मग विचारलं, "पुतण्या कुठे आहे?" तेवढ्यात चाचांचा मोबाईल वाजला. स्क्रीनवर मला दिसलं, 'मुश्ताक दुबई'. चाचांनी तबस्सुमकडे पाहिलं आणि फोन कापला. "अल्ला जाणे, बाई. मेल्याचा पत्ताच नाही." "मग फोन कुणाचा?" "राँग नंबर." मी शपथेप्रमाणे शब्दन् शब्द भाषांतर केलं.