भिंतीपलीकडचा ताड

"लागलं काय?" रखमाने खालून विचारलं. महिनाभर रोज सकाळी ती हेच विचारत होती.

ताडाच्या शेंड्यावर तिचा नवरा गुणाजी बसला होता. कमरेला कोयता. त्याच्या गिरणीच्या संपाला सव्वा वर्ष झालेलं. चाळीमागच्या दोन मादी ताडांचे ताडगोळे भोईवाड्याच्या नाक्यावर विकून रखमाने गेला उन्हाळा ढकलला होता. यंदा गुणाजीने शहाणपणा केला. तिसरा ताड नर. त्याचे फुलांचे तुरे एकूण एक छाटून त्याने ताडी काढली आणि गेटवरच्या संपकऱ्यांना पाजली. नराला फूल नाही तर मादीला फळ धरत नाही, हे म्हाताऱ्या चिंतामणी भंडाऱ्याने सांगितलं तेव्हा मडकी रिकामी झाली होती.

गुणाजीने झावळ बाजूला केली. अंगठ्याएवढी हिरवी फळं. दोन घड भरलेले, दोन अजून फुलात.

"लागलं गो, रखमे! आपल्या झाडांना कुणाची गरज नाय."

"नर तर तू मुंडून ठेवलायस, गुण्या," खाली उभा चिंतामणी म्हणाला. "जरा भिंतीपलीकडे बघ."

गिरणीच्या आवारात, मॅनेजरच्या बंगल्यासमोर, एक नर ताड तुऱ्यांनी लगडला होता. वारा तिकडूनच येत होता, फुलांचा पराग घेऊन.

गुणाजीचं तोंड उतरलं. संपकऱ्यांतर्फे गेटवर पहारा त्याचाच. गिरणीची वस्तू घरात नको म्हणून त्याने रखमाची कोरी चादर भर गल्लीत जाळली होती. घड छाटायला हात कोयत्याकडे गेला.

"कापा की," रखमा म्हणाली. "चादरीच्या वेळी कुठे विचार केलात? रात्री संपाचा झेंडा शिजवून वाढते."

तेवढ्यात पलीकडे बंगल्याचा माळी ताडी काढायला कमरेला कोयता, मडकं बांधून त्या ताडावर चढायला लागला.

"उतर खाली," गुणाजी असा कडाडला की माळी मडक्यासकट घसरला.

दुपारी गेटवर मागण्या वाचल्या. पगार, बोनस, रजा.

"आणखी एक लिहा," गुणाजी उठला. "साहेबाच्या ताडाला कोणी कोयता लावायचा नाय."

का, ते कोणी विचारलं नाही. दोनशे मुठी वर गेल्या.

मॅनेजरने संध्याकाळीच होकार कळवला. त्या संपात मान्य झालेली तेवढीच एक मागणी.