शेवटच्या ओळीतली मथुरा

तामलवाडीच्या मथुराबाईंनी देवीचं गाणं रचलं आणि जुन्या रीतीनं शेवटच्या ओळीत स्वतःला ओवून घेतलं: 'तामलवाडीची मथुरा गाते.' चाळीस वर्षं आराधी मेळ्यात गायलं, कुणी मालक विचारला नाही. मग एका म्युझिक कंपनीनं ते मोबाईलवर टिपून नेलं, वर ढोल चढवला आणि मालकी नोंदवून टाकली.

यंदा नात शिवकन्येनं 'तामलवाडीची मथुरा' नावाचं चॅनल काढून आजीच्याच आवाजात गाणं टाकलं. तासाभरात साइटची तंबी आली: हे गाणं कंपनीचं आहे, तुमचं असेल तर सात दिवसांत पुरावा द्या, नाहीतर काढून टाकू.

"अगं, पुरावा कशाला हुडकतीस? माझं नावच हाय की गाण्यात! तेवढं दाव त्यास्नी, गप बसतेत का न्हाय बघ."

शिवकन्येनं शेवटची ओळ ठळक करून धाडली. दुसऱ्याच मिनिटाला उत्तर आलं.



'पुरावा मिळाला, आभारी आहोत. "तामलवाडीची मथुरा" हे शब्द कंपनीच्या गाण्यातले असल्याचं आपणच निदर्शनास आणून दिलंत. सबब, गाण्यासोबत त्या नावाचं चॅनलही बंद करण्यात आलं आहे.'