एकच डाव

"वहिनी, हे पोळपाट-लाटणं नव्हे!" टीव्हीवरच्या मारामारीच्या गेममध्ये शर्वरीचा पैलवान आडवा होताच दीर सगळ्यांदेखत फिदीफिदी हसला. दर रविवारी त्याची तीच उडी, तीच लाथ. शर्वरीने नुसते दातओठ खाल्ले.

तो कामावर गेला की ती गेमचा ट्रेनिंग मोड लावायची. समोरच्या डमी पैलवानाला फक्त दिराची तीच लाथ मारायला लावायची आणि ती अडवून उलटा ठोसा हाणायची. बाकी काही शिकलीच नाही.

या रविवारी त्याने उडी घेतली आणि ठोसा खाल्ला. चिडून पुन्हा उडाला, पुन्हा खाल्ला. आडवा होईपर्यंत त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"एवढा एकच डाव येतो तुम्हाला!" तो कंट्रोलर आपटून ओरडला.

"तुम्हालाही एकच येतो, भावजी. आता दुसरं काहीतरी शिका. लाटणं ओट्यावर आहे."