दुसरी सही

व्लास्ताबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बाजूचं चाक दोनदा फिरवलं आणि सांगून टाकलं, "कण बारीक, सगळीकडे सारखे. पास. लिही."

रादिमनं लिहिलं. शहरातल्या ट्रामच्या चाकांच्या आसाचं पोलाद होतं. तुकडा घासून चकचकीत करायचा आणि त्याला अ‍ॅसिड लावायचं, हे त्याचं काम. निकाल बाईंचा. अख्ख्या मोराव्हिया प्रांतात त्यांच्या नजरेवर शंका घेणारा अजून जन्माला आला नव्हता.

डबीत ठेवायला त्यानं तुकडा उचलला, तर त्यात त्याला स्वतःचंच नाक दिसलं. लख्ख आरसा! अ‍ॅसिड लावायचंच राहिलं होतं. आणि अ‍ॅसिडशिवाय पोलादाचे कण कुणाच्या बापाला दिसत नाहीत.

"बाई, काय दिसलं तुम्हाला?"

"सांगितलं ना! लक्ष कुठंय तुझं?"

"याला अ‍ॅसिड लावलेलंच नाहीये."

बाईंनी खायला घेतलेला पाव खाली ठेवला.

"कधीपासून दिसत नाही?" रादिमनं विचारलं.

"मागच्या इस्टरपासून. सगळं धूसर. आठ महिने राहिलेत रे पेन्शनला."

"त्या ट्राममध्ये माणसं बसतात, बाई! मी साहेबांना सांगतो."

"सांग की. अहवालावर दोन सह्या असतात. 'मीही पाहिलं' म्हणून खाली कोण सही करतं, तेही सांग."

रादिमनं एकदाही पाहिलं नव्हतं. बाईंनी पाहिलंय, मग आपण कशाला पाहायचं?

त्यानं तुकड्यावर अ‍ॅसिड फिरवलं. आरसा मळकट झाला. धुऊन, वाळवून तो पहिल्यांदाच स्वतः सूक्ष्मदर्शकावर वाकला. कण बारीक होते. सगळीकडे सारखे.

"बघ! बरोबर सांगितलं की नाही?" बाईंचा आवाज एकदम तरुण झाला.

"हा एक बरोबर निघाला. इस्टरपासूनचे चारशे?"

बाईंनी पेन चाचपत चाचपत त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं सही केली. सही नेहमीसारखीच झाली, याचीच त्याला भीती वाटली.

चार वाजता कारखान्याच्या फाटकासमोर ट्राम थांबली. नवी कोरी. तो खालच्या चाकांकडे बघत उभाच राहिला. वरून खिडकीची काच वाजली. रोजच्यासारखी त्याची बायको आत बसली होती.

"चढ ना रे," हाना ओरडली, "जागा धरलीय तुझ्यासाठी!"