समुद्राकडची खोली

क्वेंका शहरात झोराइदाचं प्रवासाच्या बुकिंगचं छोटंसं दुकान होतं. लेकीचं लग्न ठरलं, तसं तिनं समुद्रकाठच्या पुएर्तो लोपेस गावातल्या एफ्राइनला फोन केला आणि त्याच्या हॉटेलातली समुद्राकडची खोली मधुचंद्रासाठी राखून ठेवली. त्या खोलीच्या गॅलरीत बसलं की देवमासे दिसतात. लेकीला हे ती लग्नाच्या दिवशीच सांगणार होती. एका दुपारी लेक, नोएलिया, मक्याच्या गरमगरम उमितास घेऊन दुकानात आली. "आई, रागावू नकोस हं. आम्ही मधुचंद्रासाठी कार्ताहेनाचं बुकिंग केलं. दोघांनी बसून, मोबाइलवरच. म्हटलं, उगाच तुझ्या डोक्याला ताप नको." "रागावू कशाला? दाखव बघू," झोराइदा म्हणाली. तिनं सगळे फोटो पाहिले, खोलीचं कौतुक केलं, उन्हाची टोपी न्यायची आठवण केली. लेक तिच्या गालाचा पापा घेऊन हसत निघून गेली. मग झोराइदानं एफ्राइनला फोन लावला. "ती खोली सोडून दे रे. पोरीनं तिचं तिनंच ठरवलं." एफ्राइन म्हणाला, "मग तूच ये की गं! इतकी वर्षं लोकांना पाठवतेस, स्वतः कधी आलीस का?" "आणि दुकान कोण बघेल? आलेलं गिऱ्हाईक परत जायचं," असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि ती दाराकडे तोंड करून बसली. ईस्टरपासून, म्हणजे गेले तीन महिने, त्या दारातून लेकीशिवाय कुणीच आत आलं नव्हतं.