कोहळ्याचा आवाज

चिकपेटेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात ग्रामोफोन लावला, की आलाप रस्त्याच्या गोंगाटात बुडायचे आणि चौघडा कानठळ्या बसवायचा. त्रेसष्टच्या नवरात्रात मी रेडिओच्या व्हॉल्व्हची एक पेटी ग्रामोफोनला जोडली. ती हळू सूर वर उचलायची, मोठे खाली दाबायची. गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली. मला वेड्यात काढणारे माझे थोरले भाऊ, अण्णासुद्धा कानडी मिसळून म्हणाले, "सरी रे विठोजी, जिंकलास!"

आयुधपूजेला यंत्रांना विश्रांती असते. मी पेटीची वायर काढली, कुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल वाहिलं. अण्णांनी उंबऱ्यासमोर कोहळा आपटला.

फोडी रस्ताभर उडाल्या. आवाज मात्र बांगडी किणकिणल्याएवढाच आला.

हॉर्न, जटकागाड्या, हमालांच्या आरोळ्या, सगळं तेवढंच.

"अण्णा, अख्खी पेठ दाबली मी!" मी आनंदानं ओरडलो. तेही तेवढंच निघालं.

मग जे हळू होतं ते वर येऊ लागलं. समईच्या वातीची फडफड. घडीतल्या रेशमाची सळसळ. माझा श्वास, अण्णांचा श्वास.

दुकानात आम्ही दोघंच होतो. तरी तिसरा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्यासरशी पेटीवरची शेवंती वर-खाली होत होती.