दोन नंबरचं बटण

"हॉर्न," असं म्हणत ऋतुजाने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. हॉर्न वाजला नाही, कारण गाडीचं तोंडच चेपलेलं होतं. पण गाडीच्या तारेला जोडलेल्या, मांडीवरच्या लॅपटॉपवर आकड्यांची एक ओळ बदलली आणि तिने त्या ओळीवर खूण केली.

काच, वायपर, एसी. एकेक बटण दाबायचं आणि तारेतून कोणता आकडा पळतो ते पकडायचं. कोणता आकडा कशाचा, हे कंपनी कुणाला सांगत नाही. ते असं बसून हुडकावं लागतं. सकाळपासून ती हेच करत होती आणि सकाळपासूनच तिचं डोकं तापलेलं होतं.

गाडी औसा रोडला गुरुबसप्पाच्या गॅरेजमागे भंगारात येऊन पडली होती. सरकारी कामांचे ठेके घेणाऱ्या गुत्तेदार साहेबांची ही गाडी. त्यांनीच ती घाईघाईने विकून टाकली. घाई कशाची, हे अख्ख्या लातूरला ठाऊक होतं. रेणापूरच्या रस्त्यावर या गाडीखाली एक दुचाकीवाला मेला. गाडी चालवत होता साहेबांचा पोरगा आनंदराज, आणि "मीच चालवत होतो" असं पोलिसांना सांगितलं त्यांच्या ड्रायव्हरने, म्हणजे ऋतुजाच्या वडिलांनी, रामकिशनने. मोठ्यांच्या घरात असंच असतं. पोरगा माणूस मारतो आणि ड्रायव्हर आत जातो. उद्या कोर्टात रामकिशन गुन्हा कबूल करणार होता.

काल जेवताना ती त्याच्यावर ओरडली होती. "आयुष्यभर त्यांचं दार उघडून उभे राहिलात. आता तुरुंगातबी त्यांच्यासाठी तुम्हीच जायचं? लाज वाटत न्हाई?"

रामकिशनने ताट बाजूला सारलं. "आनंदराज गाडीत नव्हता," एवढंच म्हणून तो हात धुवायला उठला. त्या शांतपणाचा तिला जास्त संताप आला.

आताही तो शांतपणा आठवून ती बटणं बोटाने नव्हे, रागाने दाबत होती.

दुपारी तिची आई, कावेरीबाई, डबा घेऊन आली. न्हाणीत पाय घसरून पडले, असं तिने सांगितलं तेव्हापासून तिचा उजवा खांदा वर जात नव्हता. पिशवी डाव्या हातात होती. ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायला गेली, तर गुरुबसप्पाने हसत पुढे होऊन काढून घेतली.

"वहिनी, तो खिळा तुमच्या उंचीचा न्हाई. आणा इकडं."

कावेरीबाई हसली नाही. गाडीपासून चार हात लांब, एका जुन्या टायरवर बसली.

"जेव आधी. मेल्याली गाडी हाय ती. तिला काय इचारून राहिलीस?"

"मेली न्हाई. हिच्या पोटात एक खोकं असतंय. ठोकर बसली की शेवटचं सगळं त्यात राहतंय. वेग, ब्रेक, अन् ड्रायव्हरची सीट कुठं व्हती त्याचा आकडा. गुरुबसप्पाकाकांनी खोकं काढून दिलं. तो आकडा सकाळीच वकिलाला पाठवलाय मी. उद्या कोर्टात जातोय. तो कुणाचा, एवढंच हुडकायचं राहिलंय."

"पाठवलास?"

"हाव. का?"

"काही न्हाई." कावेरीबाईने डब्याचं उघडलेलं झाकण परत लावलं. "तुझ्या पप्पांनी ठरवलंय ना? त्येंच्या मनासारखं होऊ दे की."

"तूबी त्यांचीच! नवरा तुरुंगात चाललाय अन् तू डबे भरत बस." बोलून झाल्यावर ऋतुजालाच ते लागलं, पण राग ओसरला नाही. ती दारावरची बटणं चाचपू लागली. "एक, दोन... ही तर सीटच्या आधीच ठरवून ठेवलेल्या जागांची हायत. नुसती सीट हलवायचं बटण कुठं लपवलंय मेल्यांनी?"

"खाली. दाराकडच्या अंगाला हात घाल," कावेरीबाई म्हणाली.

बटण तिथेच होतं. पण आधी ऋतुजाने एक नंबरचं दाबलं. ती जागा रामकिशनची. मोटर घरघरली आणि सीट मधोमध येऊन थांबली. लॅपटॉपवरचा आकडा खोक्यातल्या आकड्याशी जुळला नाही.

"बघा काका!" तिचा आवाज चढला. "पप्पा नव्हतेच! मी म्हणत व्हते ना?"

गुरुबसप्पा हातातला पाना टाकून जवळ आला. ऋतुजाने दोन नंबरचं बटण दाबलं. ही जागा आनंदराजची. ताडमाड माणूस. सीट मागे गेली, खूप मागे. आता सापडलास, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

हाही आकडा जुळला नाही.

तिने पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं. मग स्टिअरिंगवर मूठ आपटली. "खोक्यातलंच बदललं हलकटांनी!"

"त्याला आधी कुणीच हात लावला नव्हता, पोरी," गुरुबसप्पा म्हणाला. "माझ्यासमोर उघडलंय."

मग तिने दाराच्या अंगाचं बटण धरून ठेवलं. सीट पुढे सरकू लागली. मधली जागा मागे पडली तरी सरकतच राहिली, मग वर उचलली गेली. ऋतुजाचे गुडघे स्टिअरिंगखाली दाबले गेले, लॅपटॉप तिने कसाबसा वर धरला. आणि आकडा जुळला. तंतोतंत.

"इथं तर माणूस मावतबी न्हाई," ती चिडून म्हणाली. "पप्पा न्हाई, आनंदराज न्हाई. मग कोण बसलं व्हतं हितं?"

गुरुबसप्पाने कावेरीबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

कावेरीबाई टायरवरून उठली. गाडीपाशी आली.

"उतर," ती म्हणाली.

ऋतुजा अंग चोरून बाहेर आली. कावेरीबाईने डाव्या हाताने पदर खोचला, आत बसली, आणि गुडघे कुठेही न अडता, खाली न बघता तिने पाय नेमका ब्रेकवर टेकवला.